गोपाळरावांची दिल्ली

बिरदेव मदने इंदापूरचा. वडिलांनी शेवटचा कळप विकला तेव्हा तो विशीत होता. मेंढरं गेली तरी त्याच्या हातातून लोकर काही सुटली नाही. सनगरांकडून घोंगड्या विणून घ्यायच्या आणि बाजारोबाजार विकायच्या, असा धंदा त्याने धरला. दिवाळी सरली की संक्रांतीपर्यंत तो रोज सकाळच्या एसटीने बारामतीला यायचा आणि स्टँडजवळच्या रस्त्याला, एका कडुनिंबाखाली, घोंगड्यांची चळत लावून बसायचा. सगळा बाजार त्याला तात्या म्हणायचा.

अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत त्याच्या शेजारी तिबेटी स्वेटरवाले येऊन बसले. बिरदेवला ते बघूनच राग आला. पोरंसोरं आधीच घोंगडी पांघरायला लाजायला लागली होती, त्यात हे लोक दोरीवर लाल-निळे स्वेटर टांगून बसणार. गिऱ्हाइकं येता-जाता विचारायची, 'चिन्यांची दुकानं कुठं लागलीत?' त्यांच्यातला एक रुंद चेहऱ्याचा, पंचेचाळिशीचा माणूस प्रत्येकाला तेच सांगायचा, चिनी नाही, तिबेट. पहिल्या वर्षी हिंदीत सांगायचा. पुढे मराठीत सांगायला लागला, 'चिनी न्हाय ओ, तिबेट.' दिवसातून वीस वेळा सांगूनही त्याचा आवाज कधी चढला नाही.

त्याचं नाव तोपग्याल. बाजाराच्या जिभेला ते पेललं नाही, म्हणून त्याचा गोपाळ झाला आणि दोन-तीन वर्षांत गोपाळराव. त्याच्या बायकोचं नाव यांगचेन. तिला सगळे नुसतंच बाई म्हणायचे.

एका रिकाम्या दुपारी गोपाळराव उठून बिरदेवपाशी आला. चळतीतल्या वरच्या घोंगडीचं टोक त्याने दोन बोटांत चोळलं, नाकाला लावलं आणि म्हणाला, ही लोकर पावसाच्या आधी कातरलेली आहे. बिरदेव चमकला. लोकर खरंच ज्येष्ठातली होती. मग कळलं, या माणसाचं घराणंही मेंढरांचंच. तिकडे उंच माळावर, काळ्या तंबूत राहणारं. त्या दिवशी दोघांनी मिळून भाकरी खाल्ली. पुढे आठ वर्षं त्यांचं दुपारचं जेवण एका कागदावर व्हायचं. दर हंगामात एका रविवारी गोपाळराव आणि यांगचेन इंदापूरला बिरदेवच्या घरी जेवायला यायचे. बिरदेवची बायको सारजा मटण करायची. मटणाच्या फोडी बघूनच कळतं, हे मेंढरांवाल्यांचं घर, असं गोपाळराव दर वर्षी म्हणायचा आणि सारजा दर वर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

अशा जेवणांतूनच बिरदेवला त्याची हकीकत कळली. एकोणसाठ साली चीनच्या फौजा आणि त्यांच्या मुलखातले लोक यांची जुंपली, तेव्हा गोपाळराव पंधरा वर्षांचा होता. आईने त्याला मामाच्या काफिल्याबरोबर लावून दिलं. तू पुढं हो, मी मागून येते, असं ती म्हणाली. धाकटा भाऊ अंगावर पीत होता आणि सासू अंथरुणाला खिळलेली होती. ती मागून काही आली नाही. गोपाळरावाने हिमालयात सडकेवर खडी फोडली, मग सरकारने कर्नाटकात मुंडगोडला वसाहत दिली, तिथे जमीन मिळाली, मका लावला, संसार झाला. सदतीस वर्षांत आईची सहा पत्रं आली. ती सहाही त्याच्याजवळ होती.

शहाण्णव साली दिवाळीनंतर तो बारामतीला आला तो वेगळ्याच चेहऱ्याने. पहिल्याच दिवशी त्याने बिरदेवला झाडामागे नेलं आणि सांगितलं, आई येतेय. नेपाळात देवदर्शनाला जायची परवानगी तिला मिळाली होती. गोपाळराव स्वतः नेपाळात जाऊ शकत नव्हता, त्याच्याकडे फक्त निर्वासिताची वही होती. म्हणून मावसभाऊ तिला गुपचूप सरहद्द ओलांडून दिल्लीला, यमुनेकाठच्या तिबेटी वस्तीत आणणार होता. शनिवार, तीस नोव्हेंबरपर्यंत ती तिथे थांबणार, मग परतणार. तिकडे धाकट्या भावाने तिच्यासाठी जामीन लिहून दिला होता. दिवस चुकला, किंवा ती हिंदुस्थानात पळालेल्या मुलाला भेटली हे तिकडच्या चिनी अंमलदारांना कळलं, तर भावाची नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल.

"तात्या, कुणाला बोलू नका," तो म्हणाला. "आमच्या लोकांतबी मी कुणाला सांगितलं न्हाय. तुमाला सांगितलं."

बिरदेवने मान हलवली. त्याला आनंद झालाच होता. पण त्याच हंगामात तिबेट्यांनी स्वेटरांबरोबर मऊ गुलाबी ब्लँकेटंही आणली होती. घोंगडी उचलून बघणारं गिऱ्हाईक दोन पावलं सरकायचं, ब्लँकेटावर हात फिरवायचं आणि तिथेच थांबायचं. गोपाळरावाने त्याला आधी विचारलं नव्हतं, निदान सांगितलंही नव्हतं. बिरदेव बोलला नाही, पण मनात एक कुसळ रुतून बसलं.

शुक्रवारी, बावीस तारखेला, साध्या कपड्यातला एक माणूस चहाच्या टपरीवर बिरदेवशेजारी बसला. त्याने आपलं नाव मोहनराव सांगितलं आणि आपण जिल्ह्याच्या ठिकाणाहून, पोलिसांतून आलोय हेही लपवलं नाही. आधी घोंगडीची चौकशी केली. चिंचोक्याची खळ किती वेळा लावता, हे विचारलं. या बाजारात तुमच्याइतका जुना माणूस दुसरा नाही असं सगळे म्हणतात, असं तो म्हणाला. बिरदेवला ते आवडलं. मग मोहनरावाने काम सांगितलं. चीनचे राष्ट्राध्यक्ष अठ्ठावीस तारखेला दिल्लीत येणार होते. सरहद्दीबद्दल करार व्हायचा होता. अशा वेळी कुणी तिबेटी काळा झेंडा घेऊन पाहुण्याच्या गाडीपुढे आडवा पडला तर देशाची पंचाईत. म्हणून जिथे जिथे हे लोक आहेत तिथे यादी करायची होती. कोण कुठे जातंय, एवढंच.

"यांच्यातलं कोणी निघालंय का दिल्लीला?" त्याने विचारलं.

"गोपाळराव चाललेत की," बिरदेव म्हणाला. "सोमवारच्या गाडीनं."

"कशाला?"

बिरदेवने कपातला राहिलेला चहा बशीत ओतला. "ते काय की. त्यांचं त्यांना म्हाईत."

मोहनरावाने चहाचे पैसे दिले, नमस्कार केला आणि तो निघून गेला. त्याने दम दिला नव्हता, काही देऊ केलं नव्हतं, दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नव्हतं. बिरदेवने ते आपल्या तोंडाने, बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं.

शनिवारभर त्याने स्वतःला समजावलं. यादी करायची म्हणाला, म्हणजे यादीच करेल. आईचं आपण बोललो नाही, शब्द पाळला. रविवारी इंदापूरला घरी असताना त्याला वाटलं, उद्या पहाटे जाऊन गोपाळरावाला सांगावं की आजच्या आज दुसऱ्या वाटेने निघ. पण सांगायचं म्हणजे कुणाला काय बोललो हेही सांगावं लागणार. सोमवारी तो बारामतीला गेला, चळतीतली सगळ्यात चांगली घोंगडी काढली, पहिल्या कातरणीच्या जावळाची, आणि आईसाठी म्हणून गोपाळरावाच्या हातात ठेवली. गोपाळरावाने ती छातीशी धरली. यांगचेन बाहीने डोळे पुसायला लागली. बिरदेव त्याला सोडायला स्टेशनवर गेला, दिल्लीची गाडी दौंडला पकडायची होती म्हणून दौंडच्या पॅसेंजरमध्ये खिडकीपाशी जागा धरून दिली आणि गाडी हलेपर्यंत उभा राहिला. सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता.

बुधवारी संध्याकाळी चौकातल्या एसटीडी बूथवर दिल्लीहून फोन आला. मावसभाऊ विचारत होता, तोपग्याल कुठे आहे? यांगचेन धावत बिरदेवकडे आली.

"तात्या, ते पोचले न्हाईत."

काय झालं असेल ते बिरदेवला त्या क्षणीच कळलं. पण तोंडातून निघालं ते असं, की गाडीला उशीर झाला असेल, थंडीत धुकं असतं तिकडे. यांगचेनचा त्यावर विश्वास बसला. बाजारात ती दुसऱ्या कुणाला विचारायला गेली नाही, कारण तात्याने सांगितलं होतं.

गुरुवारी सकाळी घोंगड्यांची चळत न मांडताच त्याने दौंड गाठलं. दोन-तीन ठिकाणी विचारत फिरला, शेवटी एका ठाण्याच्या आवारात मोहनराव दिसला. गोपाळरावाला सोमवारी फलाटावरच उतरवून घेतलं होतं. गुन्हा नाही, खटला नाही, नुसतं बसवून ठेवलं होतं. पाहुणे परत गेले की सोडायचं, दोन तारखेला.

बिरदेवने हात जोडले आणि आईचं सगळं सांगून टाकलं. आज दुपारी सोडलं तर रात्रीच्या गाडीने शनिवारी सकाळपर्यंत तो पोचेल, एक-दोन तास तरी भेट होईल. मोहनराव ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा उतरला.

"हे तुम्ही मला शुक्रवारी का नाही सांगितलं?" तो म्हणाला. "मी वर लिहिलं असतं, घरगुती काम आहे म्हणून. सोबत माणूस देऊन पाठवलं असतं. मी त्याला चार वेळा विचारलं, तो म्हणतो फिरायला चाललोय. धंद्याचे दिवस सोडून दिल्लीला फिरायला कोण जातं? तुम्हाला माहीत होतं ना?"

बिरदेवने जोडलेले हात खाली घेतले.

मोहनरावाने वर फोन लावून बघितला. पलीकडून दोन मिनिटांत नकार आला. पाहुणे त्याच दिवशी उतरत होते, आता यादीतलं कुणीही सोडायचं नव्हतं. मोहनरावाने वही ओढली, नोंद करायला पेन उघडलं आणि आईचं नाव विचारलं. तेव्हा बिरदेवला गोपाळरावाचे शब्द आठवले. कागदावर आलं की तो कागद कुठे कुठे फिरेल, कोण सांगणार. साहेब, लिहू नका, असं तो म्हणाला. त्यांच्या भावावर येईल. मोहनरावाने त्याच्याकडे बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, मी काही ऐकलं नाही.

गोपाळराव मागच्या पडवीत बाकावर होता. आईची घोंगडी घडी करून त्याने खाली घेतली होती, कारण फरशी गार होती. बिरदेवला बघून तो उभा राहिला आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

"तात्या. तुमी शोधत आलात."

बिरदेवला वाटलं, या माणसाने आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. गोपाळरावाने फक्त एक काम सांगितलं. दिल्लीचा नंबर दिला. आईला फोन करा, पण पोलिसांचं बोलू नका, ती घाबरेल. ताप आलाय, गाडीत चढता आलं नाही, एवढं सांगा. मी केला तर हे लोक शेजारी उभे राहणार, आणि तिचा आवाज ऐकून मला खोटं बोलता येणार नाही.

स्टेशनबाहेरच्या बूथमधून बिरदेवने नंबर फिरवला. मावसभावाला हिंदी येत होती. बिरदेवने मोडक्या हिंदीत तापाची थाप सांगितली. पलीकडे कुजबुज झाली आणि फोनवर एक म्हातारा, कापरा, बारीक आवाज आला. आई बोलत होती. तिला वाटलं असावं, मुलाचा मित्र म्हणजे त्याला आपली भाषा येत असेल. ती थांबून थांबून, पुष्कळ बोलली. मध्ये एकदा हसल्यासारखी वाटली. काचेच्या त्या खोक्यात उभा राहून बिरदेव घामाघूम झाला. शब्द एकही कळत नव्हता, तो नुसता म्हणत होता, "व्हय आई. व्हय. व्हय." सदतीस वर्षांत हा आवाज मुलाने ऐकला नव्हता आणि तो ऐकायला आपण आलो होतो, आपण, ज्याने मुलाला गाडीतून उतरवलं होतं.

मावसभावाने फोन परत घेतला आणि ती काय म्हणाली ते थोडक्यात सांगितलं. वस्तीभोवती पोलिसांचा वेढा पडलाय, आत-बाहेर करणाऱ्याला विचारतात, म्हणून उद्या पहाटेच तिला घेऊन निघावं लागेल, हेही सांगितलं. शनिवारचा दिवससुद्धा उरला नाही.

बिरदेव ठाण्यावर परत गेला आणि गोपाळरावाला निरोप पोचवला, असं सांगितलं. आई शुक्रवारीच निघणार, हे सांगितलं. गोपाळराव बाकावर बसला.

घरी सारजाने विचारलं, गोपाळरावांचं काय झालं? बिरदेव म्हणाला, पोलिसांनी धरलं, उगाच. कुणी तरी चुगली केली असेल, ती म्हणाली. बिरदेवने ताट पुढे ओढलं आणि जेवला.

दोन डिसेंबरला गोपाळराव सुटून आला. तिसऱ्या दिवशी त्याने दोरी बांधली, स्वेटर टांगले. दाढी वाढली होती, बाकी काही बदललेलं दिसत नव्हतं. दुपारी तो भाकरीचं फडकं घेऊन बिरदेवपाशी बसला. खाली पसरायला घेतलेल्या कागदावर दिल्लीतल्या कराराची बातमी होती. सरहद्दीवर एकमेकांवर बळ वापरायचं नाही, असं दोन्ही देशांनी ठरवलं होतं. हात मिळवलेला फोटो होता. गोपाळरावाने मथळा बोटाने अक्षर अक्षर लावत वाचला.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "बर्फात पोरं मरतात. दोनीकडची." मग कागद उलटा करून त्याने भाकरी सोडली. पहिला घास घ्यायच्या आधी त्याने विचारलं, "तात्या, तिचा आवाज कसा हाय?"

बिरदेवला सांगता येईना. बारीक आहे, म्हणाला. थोडा कापतो. मध्ये हसल्या एकदा. गोपाळराव पुढे सरकला आणि म्हणाला, कशावर हसली? मला काय कळणार, बिरदेव म्हणाला. पण तुमच्या मावसभावाने सांगितलं ते असं, की त्याला गरम पाणी द्या, पाण्यात थोडं मीठ आणि लोणी टाका. लहानपणी ताप आला की हा औषध थुंकून द्यायचा, अजून थुंकतो का, असं विचारलं. त्यावर हसल्या असतील. गोपाळरावाने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. आजूबाजूला बाजार चालू होता, कुणी तरी स्वेटरचा भाव विचारत होतं आणि यांगचेन सांगत होती.

"गोपाळराव," बिरदेव म्हणाला, "तुमचं नाव मी सांगितलं."

गोपाळरावाने वर बघितलं. बिरदेवने सगळं सांगितलं. टपरी, चहा, मोहनराव, सोमवारची गाडी. ब्लँकेटांचं सुद्धा सांगितलं, काही मागे ठेवलं नाही.

गोपाळरावाने हातातला घास कागदावर ठेवला. मग त्याने विचारलं, "आईचं सांगितलं होतं का त्याला? त्या दिशी?"

"न्हाय."

"मंग शब्द तर पाळला."

"न्हाय ओ," बिरदेव म्हणाला. "ते सांगितलं असतं तर तुमाला सोडलं असतं. साहेब म्हणाला मला. मी गप बसलो ते तुमच्या शब्दापायी का माझ्या पोटातल्या कुसळापायी, ते माझं मला ठरवता येईना झालंय. लई इचार केला."

गोपाळरावाने भाकरी फडक्यात परत बांधली. "मला राग करता येत न्हाय," तो म्हणाला. "आन माफबी करता येत न्हाय. काय करू, तुमीच सांगा, बिरदेवराव."

आठ वर्षांत त्याने पहिल्यांदा त्या नावाने हाक मारली. पुढे दोरी शेजारीच बांधली जायची. बिरदेव पाणी आणायला गेला तर गोपाळराव त्याच्या चळतीवर लक्ष ठेवायचा, तो आजारी पडला तर विचारायचा. पण दुपारी तो यांगचेनबरोबर दोरीमागे बसून जेवायला लागला. त्या वर्षी इंदापूरचं जेवण झालं नाही, पुढच्याही वर्षी झालं नाही. सारजा मटणाचं विचारायची. बिरदेव म्हणायचा, त्यांना वेळ नसतो. मग सारजा म्हणायला लागली, माणूस मोठा झाला, धंदा वाढला, आता गरिबाचं घर कशाला आठवेल. बिरदेव ते ऐकून घ्यायचा. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात तिकडे म्हातारी वारली. थंडीत गोपाळराव आला तेव्हा तो चहावाल्याला सांगत होता की पत्र चार महिन्यांनी पोचलं, ते बिरदेवच्या कानावर पडलं. त्याला थेट कुणी सांगितलं नाही.

अठ्ठ्याण्णव साल उजाडलं आणि वारं फिरलं. उन्हाळ्यात पोखरणला अणुस्फोट झाले. त्यामागे चीनचं भय असल्याचं मोठमोठ्या लोकांच्या तोंडून पेपरात यायला लागलं. थंडीत गावातल्या एका मंडळाने चीनच्या धोक्यावर सभा ठेवली. त्यांना व्यासपीठावर एक तिबेटी हवा होता. मंडळाचे लोक बिरदेवकडेच आले. तुमचे मित्र आहेत ना ते, घेऊन या, दोन शब्द बोलतील, सत्कार करू. बिरदेवने गोपाळरावाला निरोप सांगितला. नको म्हणाल तर तसं कळवतो, असंही सांगितलं. गोपाळरावाने जरा विचार केला आणि येतो म्हणाला.

सभा संध्याकाळची होती, पाचची. बिरदेव मागे, खांबाला टेकून उभा राहिला. गोपाळरावाच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, श्रीफळ दिलं. वक्त्यांनी चीनला झोडपलं. दोन वर्षांपूर्वी याच माणसाला पाहुण्याच्या नजरेला पडू नये म्हणून गाडीतून उतरवलं होतं, आणि आज तो सगळ्यांच्या नजरेसमोर बसवला होता. मग त्याला बोलायला उभं केलं. बाजारातली मराठी ऐकून लोक आधी हसले, नंतर गप्प झाले. मेंढरांचं सांगितलं, खडी फोडल्याचं सांगितलं. मग म्हणाला, "शहाण्णव साली माजी आई दिल्लीला आली होती. सदतीस वर्षांनी. मी निघालो होतो. मला वाटंत उतरवून घेतलं, सात दिवस बसवलं. भेट झाली न्हाय. आता ती न्हाय."

बिरदेवने मागच्या मागे खांब धरला. आता नाव येईल, आता सगळे मागे वळतील. त्याला भीती वाटत होती आणि त्याच वेळी ते नाव यावं, असंही वाटत होतं. एकदा येऊन गेलं की मोकळं होता येईल. गोपाळरावाने मागे खांबाकडे बघितलं. बघितलं, हे नक्की. मग तो म्हणाला, "तुमच्या देशानं आमाला जागा दिली, त्ये मी इसरत न्हाय," आणि खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चीनचा निषेध असो, असं कुणी तरी पुढून म्हणालं.

बाहेर आल्यावर बिरदेवने त्याला गाठलं आणि माझं नाव का नाही घेतलं, असं विचारलं.

गोपाळरावाने हार काढून हातात गुंडाळला होता. "घेतलं असतं तर समदी तुमच्याकडं वळली असती," तो म्हणाला. "एक घोंगडीवाला सापडला म्हणून खूश झाली असती. हुकूम कुठनं आला, कुणी विचारलं नसतं."

"म्हंजी मला सोडलं तुमी?"

"न्हाय," गोपाळराव म्हणाला. "तुमचं तुमच्यापाशी हाय. ते मी कसं सोडवू?" आणि यांगचेन वाट बघत होती, तिच्याकडे तो चालत गेला.

बिरदेव एसटीत बसला. इंदापूर येईपर्यंत तो खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघत होता. घरी सारजा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. सभा कशी झाली, तिने विचारलं, आणि सत्कार-बित्कार झाला म्हणजे आता तर तुमचे गोपाळराव आपल्याला ओळखायचे पण नाहीत, असं पुढे जोडलं. बिरदेव उंबऱ्यातच बसला. चप्पलसुद्धा काढली नाही.

"सारजा," तो म्हणाला, "त्यांची चुगली कुणी केली, इचारलं होतंस ना तू. मी केली."

तिचा हात पिठात तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती उलटायचं तिच्या ध्यानात आलं नाही. बिरदेवने तिला टपरीपासून सभेपर्यंत सगळं सांगितलं. फोनवरच्या आवाजाचंही सांगितलं. ते सांगताना मात्र त्याला मध्ये थांबावं लागलं. करपलेली भाकरी काढून सारजाने बाजूला ठेवली.

"दोन वर्सं," शेवटी ती म्हणाली, "मी त्या माणसाला नावं ठेवत हुते. तुमच्या समोर. आन तुमी ऐकत हुता."

"व्हय."

"म्हातारी गेल्यावर त्या बाईला भेटायलाबी गेले न्हाय मी. म्हटलं, माजलीत."

आपण एकाच माणसाचं वाईट केलं, असं बिरदेव इतके दिवस धरून चालला होता.

सारजाने हात धुतले. दुसरी भाकरी थापायला घेतली, मग तीही तशीच ठेवली. सकाळची बारामतीची पहिली एसटी किती वाजता असते, हे तिने विचारलं. सहाला, तो म्हणाला.

"मी जाती," ती म्हणाली. "त्या बाईपाशी बसती जरा. तुमी येऊ नका."

बिरदेवने मान हलवली आणि उंबऱ्यातच बसून राहिला.